प्रदेशाध्यक्ष बदलला म्हणून कोल्हापूरचं मत फिरत नाही

कुठल्याही पक्षानं निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्ष बदलला की 'आता वारं फिरलं' अशा पोस्ट सुरू होतात. पाठोपाठ एखादा सर्व्हे येतो आणि मिरजकर तिकटीपासून कागलच्या गैबी चौकापर्यंत त्या टक्केवारीवर वाद झडतात. या जिल्ह्यात तरी मत असं वरून खाली येत नाही, हे ठामपणे सांगायला हवं.

13 सप्टेंबर 2013 ला भाजपनं नरेंद्र मोदींना पंतप्रधानपदाचा उमेदवार जाहीर केलं. अलीकडच्या काळात लोकसभेपूर्वी झालेला नेतृत्वातला हा सगळ्यात मोठा बदल. 2014 च्या लोकसभेला भाजप-शिवसेनेच्या तेव्हाच्या महायुतीनं राज्यातल्या 48 पैकी 42 जागा घेतल्या. शेजारी हातकणंगल्यात राजू शेट्टी महायुतीकडूनच आले, पण कोल्हापुरानं राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक निवडले. 2019 ला तेच महाडिक, समोर तेच शिवसेनेचे संजय मंडलिक आणि दिल्लीत तेच मोदी. तरी मंडलिक सुमारे 2 लाख 70 हजारांनी जिंकले.

मग मधल्या पाच वर्षांत बदललं काय? गटांच्या जोडण्या. लोकसभेनंतर काही महिन्यांतच, 2014 च्या विधानसभेला, कोल्हापूर दक्षिणेत धनंजय महाडिकांचे चुलतभाऊ अमल महाडिकांनी काँग्रेसच्या सतेज पाटलांना हरवलं. तो पैरा पाटलांनी 2019 ला मंडलिकांना साथ देऊन फेडला. त्यांच्या 'आमचं ठरलंय' या दोन शब्दांच्या घोषणेनं जे काम केलं, ते कुठल्या प्रदेशाध्यक्षाच्या सभेनं झालं नसतं. त्याआधी 2009 ला राष्ट्रवादीनं उमेदवारी नाकारल्यावर सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि पवारांच्या पक्षाला हरवून दिल्लीला गेले.

दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, सेवा सोसायटी, इथं ज्याची माणसं बसली आहेत त्याचा शब्द गावात चालतो. सर्व्हेवाल्याच्या प्रश्नावलीत हा रकानाच नसतो.

सर्व्हेचं गणितही समजून घ्या. राज्यात 10 हजार लोकांना विचारलं, तर एका लोकसभा मतदारसंघाच्या वाट्याला दोनशेच्या आसपास येतात. दोनशेच्या नमुन्यात चूक साधारण 7 टक्के इकडे किंवा तिकडे, तीसुद्धा माणसं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडली असतील तर. दोन उमेदवारांमधल्या फरकावर ती जवळपास दुप्पट होते. म्हणजे 47 विरुद्ध 43 या आकड्यावरून कोल्हापूरबद्दल काहीही सांगता येत नाही. राज्याचा आकडा एक टक्क्याच्या आसपास नेम धरू शकतो, तो राज्यापुरताच वाचावा. शिवाय 'नेता म्हणून कोण आवडतो' आणि 'आज मतदान झालं तर कुणाला द्याल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातमीत ते सर्रास एकत्र केले जातात. अध्यक्षाच्या निवडीच्या आठवड्यातच घेतलेला सर्व्हे तर मी बाजूलाच ठेवतो, कारण त्यात ताज्या बातमीचाच आवाज जास्त असतो.

नेतृत्वबदलाचा खरा परिणाम कागदावर आणि बूथवर होतो. जुनी कार्यकारिणी बरखास्त होते, तालुकाध्यक्ष नेमायला महिने जातात, तोवर मतदारयादीवर हरकती घ्यायला बूथवर पक्षाचा माणूसच नसतो. कोल्हापूर मतदारसंघात 2024 ला 19 लाखांवर मतदार आणि दोन हजारांवर केंद्रं होती. तेवढी माणसं चार आठवड्यांत उभी राहत नाहीत. एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर, सही कुणाची, हाही तेवढाच मोठा प्रश्न. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अधिकृत माणसाच्या शाईच्या सहीचा फॉर्म पोचला नाही, तर उमेदवाराला पक्षाचं चिन्ह मिळत नाही. दोन गट भांडत असले की घोळ नेमका इथेच होतो.

चिन्हाचं मोल साताऱ्यानं दाखवलं. निवडणूक आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं आणि शरद पवारांच्या पक्षाकडे तुतारी वाजवणारा माणूस आला. ते चिन्ह घराघरात पोचवायला जेमतेम अडीच महिने मिळाले. साताऱ्यात त्यांचे उमेदवार शशिकांत शिंदे सुमारे 32 हजारांनी पडले आणि तुतारीशी साधर्म्य असलेल्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षानं 37 हजारांवर मतं घेतली. ती सगळी चुकून गेली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण नवं चिन्ह रुजवायला वेळ लागतो हे कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावं.

तेव्हा पुढचा अध्यक्ष नेमला गेला की त्याचा फोटो शेअर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. आपल्या तालुक्याची कार्यकारिणी कधी जाहीर होणार? आपल्या केंद्राच्या यादीवर पक्षाचा प्रतिनिधी कोण? आणि जिल्ह्यातला कुठला गट या निवडीनं दुखावला?