पामतेल महागलं म्हणून कुणी दोन पिशव्या नेत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्वस्त मालाला मागणीचा नियम लागू नाही. पामतेल, कणी असल्या हलक्या प्रतीच्या वस्तू महागल्या की गरीब माणूस त्या जास्तच घेतो. आयर्लंडचे बटाटे आठवा!’ भाव वाढला की मागणी घटते, हा तो नियम. बारावीला अर्थशास्त्र घेतलेल्यांना ‘गिफेनचा विरोधाभास’ आठवला असेल: भाव वाढला की मागणीही वाढते, अशी वस्तू. गडबड तिथेच आहे.

वस्तू हलक्या प्रतीची ठरते ती उत्पन्नावरून. पगार वाढला की जिची खरेदी कमी होते, ती. तिचाच भाव वाढला तर काय होईल, हे त्या नावात कुठेच नाही. गिफेन वस्तू हा त्यातला एक अगदी विरळा प्रकार.

‘पण महागाईत पामतेल जास्त खपतं, दुकानदाराला विचारा!’ खपतं ना. कारण तेव्हा सोयाबीन, शेंगदाणा तेलही चढलेलं असतं आणि खिसा रिकामा. भाव दुसऱ्यांचे वाढले म्हणून गिऱ्हाईक पामतेलावर उतरतं. एकटं पामतेलच महागलं की चित्र उलटतं. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एक मावशी नेहमी पामतेलाची पिशवी नेतात. परवा भाव ऐकून म्हणाल्या, “आणि सोयाबीन?” फरक पाच-सहा रुपयांचाच निघाला. “मग सोयाबीनच दे बाबा. पण अर्धा लिटरच.”

देशाच्या पातळीवरही हेच घडलं. 2024च्या अखेरीस आयातीच्या बाजारात पामतेल सोयाबीन तेलाहून महाग झालं, आणि जानेवारी 2025मध्ये भारताची पामतेल आयात सुमारे 14 वर्षांतल्या नीचांकावर आली. (त्यात हॉटेलवाले आणि फरसाणवालेही आले, पण हिशेब त्यांनाही कळतो.)

आता आयर्लंड. दुष्काळात बटाटे महागले तरी लोकांनी तेच जास्त खाल्ले, अशी गोष्ट सांगतात. पण 1845पासून तिथलं बटाट्याचं पीक रोगाने सडलं. जे बाजारात नव्हतंच, ते लोकांनी जास्त कसं खाल्लं? अर्थशास्त्रज्ञ मार्शलने आपल्या पुस्तकाच्या 1895च्या आवृत्तीत गिफेनचं नाव घेऊन उदाहरण दिलं ते पावाचं. बटाटे नंतर चिकटले.

गिफेन वस्तू अगदीच कल्पित आहे, असंही नाही. जेन्सन आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत दिली, तेव्हा त्यांनी तांदूळ कमी घेतला. वाचलेल्या पैशांतून ताटात दुसरं काही आलं. हा अभ्यास 2008मध्ये छापून आला. पण चीनच्याच गान्सू प्रांतात गव्हाबाबत पुरावा कमजोर निघाला, आणि हुनानमध्येही अगदी तळातल्या घरांत हा परिणाम दिसला नाही. ती जवळजवळ भातावरच जगत होती. भाव चढल्यावर ताटातून कमी करायला दुसरं होतंच काय?

म्हणजे हे घडायला पोट मुख्यतः त्या एका धान्यावर भरावं लागतं, आणि तितकं स्वस्त दुसरं काही नसावं लागतं. तेलाने पोट भरत नाही. भाव चढला की फोडणीत एक चमचा कमी पडतो, आणि चपातीला तेल लावणं बंद होतं.