शिकवणाऱ्याचं मानधन म्हणजे ‘गळती’?

वंचित वस्त्यांमधल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चालणाऱ्या कलावर्गांना अनुदान देणं म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं पाच मुद्द्यांत ‘सिद्ध’ करणारा एक मेसेज सध्या फिरतोय. मला तो काकांकडून आला, खाली ‘विचार करायला लावणारं आहे’ अशा शेऱ्यासकट. काका एका छोट्या निधीच्या समितीवर आहेत आणि यंदाचे अर्ज त्यांच्या टेबलावर पडलेत. नाहीतर मी तो डिलीट करून मोकळी झाले असते.

‘आधी गणित आणि भाषा, मग नाच-गाणी’ हा पहिला मुद्दा. हे वर्ग शाळा सुटल्यावर भरतात. त्या वेळी गणिताचा तास नसतोच, तर तो बुडेल कसा? पुढे.

‘फायदा झाल्याचा एकही पुरावा नाही.’ एकही? कलांना अनुदान देणाऱ्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने 2012 मध्ये जेम्स कॅटरॉल हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या चार मोठ्या पाहण्यांची आकडेवारी त्यात तपासली आहे, आणि शाळेतल्या कलाशिक्षणाबरोबर शाळेबाहेरचे वर्गही धरले आहेत. गरीब घरांतल्या ज्या मुलांचा कलेशी फारसा संबंध आला नव्हता, त्यांच्यापैकी 22 टक्क्यांचं शालेय शिक्षण अपुरं राहिलं. तशाच घरांतल्या, पण कलेत भरपूर रमलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण 4 टक्के होतं. कलेमुळेच हा फरक पडला असं अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. घरचं पाठबळ, मुलाचा मूळचा उत्साह, चांगली शाळा, यातलं काहीही कारण असू शकतं. पण ‘कारण सिद्ध झालेलं नाही’ आणि ‘पुरावाच नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि मेसेजवाल्याने दुसरं बिनदिक्कत ठोकून दिलंय.

आपल्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत म्हणा. मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवलं की मूल हुशार होतं, असं सांगून अनुदान मागणारे मी पाहिलेत. हा दावा ज्यावरून निघाला तो 1993 चा मूळ प्रयोग 36 कॉलेज विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम टिकला होता जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. असले दावे अर्जात घातले की असले मेसेज जन्माला येणारच.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. ‘निम्म्याहून जास्त रक्कम पगार आणि मानधनात जाते, म्हणजे गळती. पैसा थेट मुलांपर्यंत पोहोचवा, साहित्य द्या.’

नाटकाच्या वर्गात मुळात असतं काय? एक खोली, मुलं, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी येणारा एक माणूस. खोली बऱ्याचदा कुणीतरी वापरायला देतं. उरतो तो माणूस. अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा त्याच्यापुढे नसावा, तर कुणापुढे असावा? डॉक्टरांचा पगार ‘गळती’ धरून दवाखाना चालवून दाखवा.

साहित्य वाटलं की फोटो चांगला येतो, हे खरं. रंगपेट्या, कीबोर्ड, मागे देणगीदाराचा फलक. मग शिकवायला कुणी नाही म्हणून कीबोर्ड कुलपात जातो आणि पुढच्या वर्षी नवा देणगीदार नवा कीबोर्ड देतो. याला मात्र कुणी गळती म्हणत नाही.

खरी गळती बघायचीच असेल तर अनुदानाच्या मुदतीत बघा. एका वर्षापुरती मंजुरी, तीही उशिरा, पहिला हप्ता त्याहून उशिरा. शिकवणाऱ्याला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, म्हणून तो दुसरं काम धरतो. जी मुलगी कित्येक महिने कोपऱ्यात बसून नुसतं बघत होती आणि आत्ता कुठे एक संवाद म्हणायला उभी राहिली होती, तिच्यासमोर पुन्हा अनोळखी माणूस. तिचा हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

आणि ‘वरखर्च’? हजेरी, पावत्या, पालकांच्या परवानग्या, मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पडताळणी, सहामाही अहवाल. यातलं बरंचसं देणगीदारच मागतात. ते करायला अर्धवेळ माणूस ठेवला की तेच कपाळाला आठ्या घालतात. मग संस्था तो खर्च दुसऱ्याच नावाखाली दाखवायला शिकतात, आणि पुढचा देणगीदार तो खोटा कमी आकडाच प्रमाण मानतो. काका, मानधनाच्या रकान्यात शून्य असलेला अर्ज दिसला तर खूश होऊ नका. शिकवणार कोण, ते आधी विचारा.

‘खऱ्या गरीब मुलांना लाभ मिळतच नाही.’ ‘मिळतच नाही’ हे साफ चूक, पण मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. व्हेनेझुएलातल्या ‘एल सिस्तेमा’ या 1975 पासून चालणाऱ्या, फुकट संगीत शिकवणाऱ्या प्रसिद्ध योजनेची चिठ्ठ्या टाकून निवड केलेली चाचणी झाली. 16 केंद्रं, 2,914 मुलं. मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला, बौद्धिक चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. आणि चाचणीतल्या मुलांपैकी गरीब होती 16.7 टक्के, तर ती राहत होती त्या प्रांतांमधल्या मुलांत गरिबीचं प्रमाण 46.5 टक्के होतं. म्हणजे दार उघडं ठेवलं की ज्यांना बातमी आधी कळते, ज्यांना पोहोचवायला घरचं कुणी मोकळं असतं, ते आधी आत येतात. यावर उपाय आहेत : वर्ग वस्तीतच भरवा, येण्या-जाण्याचा खर्च अनुदानात धरा, ऑनलाइन अर्जाची अट काढा, घरोघरी जाऊन सांगा. हे सगळं करायला माणसं लागतात, म्हणजे पुन्हा तोच पगाराचा रकाना, जो मेसेजवाल्याला नको आहे. त्याचा एक मुद्दा त्याच्याच दुसऱ्या मुद्द्याचा गळा धरतोय, हे त्याच्या लक्षातही आलेलं नाही.

राहिलं ‘चांगला कार्यक्रम स्वतःच्या पायावर उभा राहतो’. म्हणजे फी लावा. फी लावली की सगळ्यात आधी कोण यायचं थांबेल, ते सांगायची गरज नाही. शिवाय अनुदानावर संस्था आयत्या बसून खातात हेही खरं नाही. वर ज्या अमेरिकन संस्थेचा उल्लेख केला, तीसुद्धा सर्वसाधारणपणे प्रकल्पाच्या निम्म्याहून जास्त खर्च उचलत नाही. उरलेली रक्कम संस्थेला बाहेरून उभी करावी लागते, आणि ती उभी करायलाही कुणालातरी पगार द्यावा लागतो.