शेवटच्या डब्यातील डावी जागा

माझ्या पोटाचे माप घेण्याचा अधिकार मी आजवर दोनच माणसांना दिला होता, आमच्या शिंप्याला आणि आमच्या डॉक्टरांना. शिंपी आकडा मोठ्याने उच्चारत नाही, वहीत टिपून घेतो. डॉक्टर उच्चारतात, पण निदान दार लोटून घेतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र निळा टी-शर्ट घातलेल्या एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाने हा अधिकार परस्पर आपल्या हाती घेतला, आणि तोही फलाटावर ताटकळलेल्या शंभरेक माणसांच्या देखत.

स्थळ होते शहराबाहेरचे एक मोठे मनोरंजन उद्यान. त्याचे नाव लिहीत नाही, कारण पत्नीला तेथे पुन्हा जायचे आहे. लेकीने दिवाळीची भेट म्हणून आम्हा दोघांची तिकिटे आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. प्रवेशद्वारावर पत्नीच्या पिशवीतला चिवडा-चकलीचा डबा 'बाहेरील खाद्यपदार्थ' ठरून ठेवून घेण्यात आला, त्याच्या बदल्यात प्लॅस्टिकचा एक बिल्ला हातात पडला, आणि आत पाऊल टाकले तोच समोर 'दिवाळी फराळ महोत्सव' अशी झेंडूने मढवलेली कमान दिसली, जिच्याखाली तीन चकल्या १८० रुपयांना मिळत होत्या. आमच्या डब्यात चोवीस होत्या. म्हणजे १,४४० रुपयांचा ऐवज आम्ही दारावर सोडून आलो होतो, हा हिशेब पत्नीने चालता चालता तोंडी केला आणि दिवसभरात तो मला चार वेळा ऐकवला.

रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी हात पसरलेला एक लाकडी विदूषक उभा होता. त्याच्या हाताखालून जो उभ्याने सहज जाईल, त्याला प्रवेश नव्हता. आमच्या पुढच्या एका मुलाने टाचा उचलल्या, त्याच्या आईने त्याचे केस वरच्या वर विंचरून दिले, तरी दोन बोटे कमी पडली आणि पहारेकऱ्याने त्याला तिथल्या तिथे, चॉकलेट देऊन, परत पाठवले. मला त्या मुलाची कीव आली. ती कीव मी राखून ठेवायला हवी होती, पुढे लागणार होती.

येथून प्रतीक्षा ७५ मिनिटे, असे पाटीवर लिहिले होते. आम्ही उभे राहिलो आणि आमच्या मागे येऊन ते गृहस्थ उभे राहिले.

वय साठीच्या आसपास, अंगकाठी पाटीवरच्या पेन्सिलीसारखी, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी आणि त्या टोपीवर निरनिराळ्या उद्यानांचे इतके बिल्ले की वारा आला की त्यांची किणकिण होई. कमरेला पाऊच आणि सदऱ्याच्या खिशात बँकेची जुनी डायरी होती. त्यांनी मला टोपीखालून वरपासून खालपर्यंत न्याहाळले, मध्यभागी नजर जरा अधिक रेंगाळू दिली, आणि समाधानाने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी त्या वेळी सौजन्य असा लावला.

"पहिल्यांदाच?" त्यांनी विचारले.

मी होकार दिला.

"माझी ही दोनशे बारावी," असे म्हणून त्यांनी डायरी उघडून दाखवली. तीत प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, हवामान, डबा आणि जागा यांची नोंद होती. शेवटच्या रकान्यात 'शेरा' होता. एका पावसाळी दिवसापुढे नुसते 'अरेरे' असे लिहिलेले मी वाचले.

त्यानंतर ७५ मिनिटे, जी पुढे ८५ झाली, ते बोलत होते. मनुष्यस्वभाव असा की पायात गोळे आलेले असताना माहितीचा राग अधिक येतो, आणि दुर्दैवाने त्यांची सारी माहिती पक्की होती. या प्रकाराचा अमेरिकेतला उगम १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या रुळांत आहे, तेव्हा तिकीट पाच सेंट होते, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता आणि लोक बाकावर आडवे, बाजूचा देखावा पाहत बसत, हे मला त्यांच्याकडून कळले. ताशी दहा किलोमीटर म्हणजे आमच्या पोस्टमनची सायकल. त्या वेगात कोणी कोणाचे पोट दाबून पाहत नसावे.

"आता तो वेढा नीट पाहा," ते म्हणाले. "गोल आहे?"

"गोलच आहे."

"नाही!" त्यांचा आवाज इतका चढला की पुढची दोन कुटुंबे वळून पाहू लागली. "थेंबासारखा आहे. खाली पसरट, वर निमुळता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी अगदी वर्तुळ करून पाहिले, आणि बसणाऱ्यांच्या माना अवघडल्या. खाली गाडीचा वेग सर्वांत जास्त असतो, तेथेच वळण एकदम आले तर सगळा भार मानेवर येतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात हा थेंब पोलादात उतरला, आणि तेव्हापासून माणूस उलटा होऊन सुखरूप सुलटा होऊ लागला."

पत्नी हे सारे डोळे मोठे करून ऐकत होती. गेली सत्तावीस वर्षे मी तिला आयकराचे नियम समजावून सांगतो आहे, तेव्हा हे डोळे कुठे असतात मला माहीत नाही.

ते मग चाकांकडे वळले. गाडीला रुळावर धावणारी, रुळाच्या कडेला लागून राहणारी आणि रुळाखालून धरून ठेवणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. चढावर ऐकू येणारी कटकट गाडी मोडल्याची नसून तिला मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीची असते. सकाळच्या फेऱ्या थंड असतात, कारण वंगण तापलेले नसते, म्हणून जाणकार मनुष्य दुपारनंतर येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जाणकार मनुष्य शेवटच्या डब्यात बसतो. पहिल्या डब्यातून नुसते दिसते. शेवटचा डबा टोकावर पोचेपर्यंत पुढची सारी गाडी उतरणीला लागलेली असते आणि ती त्याला खेचून फेकते. त्या क्षणी माणूस आसनावरून उचलला जातो, त्याला ही मंडळी 'एअरटाइम' म्हणतात.

"शेवटच्याच डब्यात बसा, वहिनी," ते म्हणाले. "रांग लांब असते, पण ऐका माझे."

वहिनींनी ऐकले.

मध्येच त्यांनी उद्यानाच्या सद्यःस्थितीवर दुःख व्यक्त केले, आणि येथे मात्र आमचे पटले. कोस्टरचा लाल रंग काढून जांभळा दिला होता, तो त्यांना मान्य नव्हता. पूर्वी फाटकाजवळ कागदात गुंडाळलेला गरम बटाटावडा मिळे, त्याच जागी आता त्याच बटाट्याचे चार चेंडू इंग्रजी नावाने मिळतात, सोबत चटणी मागितली तर तिचे पैसे वेगळे पडतात, आणि ते खायला दिलेला लाकडी चमचा जिभेला कुल्फीच्या काडीसारखा लागतो. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा ते होडीतून खाडी ओलांडून गेले होते. त्या होडीलाच ते आपली पहिली राईड धरतात, आणि डायरीच्या पहिल्या पानावर तिची नोंद आहे.

सर्वांत जास्त राग त्यांना ऑक्टोबरातल्या भुतांच्या सोहळ्याचा होता. "पितृपंधरवडा संपतो न संपतो," ते म्हणाले, "ज्यांना आपण नुकतेच जेवू घालून मानाने वाटेला लावले, त्यांना हे तिकीट लावून परत बोलावतात. बरे, बोलावतात ते कोणाला? काळ्या झग्यातल्या चेटकिणी, भोपळ्याची तोंडे! अहो, आपल्याकडे भुतांचा दुष्काळ आहे का? मुंजा आहे, हडळ आहे, कोकणात उतरलात तर देवचार आहे. एक पिंपळ लावा, त्याखाली एक मुंजा बसवा, मी शंभर रुपये जास्त देईन." हे मला इतके पटले की मी त्यांना टाळी दिली. आज त्या टाळीचा मला पश्चात्ताप होतो.

फलाट आला. शेवटच्या डब्यात एका ओळीला दोनच जागा. उजवीकडे पत्नी बसली, डावीकडे मी. खांद्यांवरून जाड कठडा खाली आला. पत्नीचा 'क्लिक' असा आवाज करून जागेवर बसला. माझा आला, पोटाशी थांबला आणि गप्प राहिला. निळ्या टी-शर्टाच्या मुलाने तो एका हाताने दाबला, मग दोन्ही हातांनी, मग त्याने एक गुडघा डब्याच्या कडेला टेकवून दाबला.

"काका, श्वास सोडा."

"सोडला."

"अजून सोडा."

"अजून सोडला तर परत घेता येणार नाही."

मागे फाटकापाशी उभे असलेले टोपीवाले गृहस्थ मदतीला धावून आले, अर्थात तोंडाने. "पाठ टेकवा! खाली सरकू नका, उलट ताठ बसा! आणि पोट जरा उजवीकडे घ्या!" पोट ही पिशवी नव्हे, ते या हातातून त्या हातात घेता येत नाही, असे मला सांगायचे होते, पण बोलायला लागणारी हवा मी नुकतीच बाहेर सोडली होती. दिवाळीच्या पाच दिवसांत माझ्यात गेलेले अनारसे, शंकरपाळे आणि बहिणीकडचे बेसनाचे लाडू त्या कठड्याशी एकजुटीने लढत होते. इतक्यात वरच्या काचेच्या खोलीतून लाऊडस्पीकरवर आवाज आला, "शेवटचा डबा, डावी जागा, काय प्रॉब्लेम आहे?" त्यावर त्या मुलाने साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिले, "काका बसत नाहीत!"

हे धादांत खोटे होते. मी केव्हाच बसलो होतो. बसत नव्हता तो कठडा.

मला उतरवण्यात आले. पत्नी उतरू लागली तेव्हा मी उदारपणाने म्हणालो, "तू बस." ती माझी दुसरी चूक. कारण टोपीवाले गृहस्थ फाटकातून आत येत म्हणत होते, "मी एकटाच आहे, मला चालेल." ते बसले, कठडा आला, आणि क्लिक झाला. पहिल्याच फटक्यात, दिव्याचे बटण दाबावे तसा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या ओळीत दोघांची जागा असते तेथे एकट्या माणसाला जोडीदार मिळेपर्यंत खोळंबावे लागते, आणि दोनशे अकरा फेऱ्यांचा अनुभव असलेला मनुष्य रांगेत उभा राहताना आपल्या पुढे कोण आहे ते पाहूनच उभा राहत असणार.

आता थोडे गंभीरपणे. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. कठडा लागला नाही तर माणसाला सोडू नये, हाच नियम असायला हवा, आणि तो त्याने पाळला. तक्रार आहे ती जागेची. मुलाची उंची रांगेच्या तोंडाशी मोजतात, मग प्रौढाचा घेर ८५ मिनिटांनंतर, रांगेच्या शेपटाशी, प्रेक्षक जमवून का मोजावा? अमेरिकेतल्या कित्येक उद्यानांत मोठ्या कोस्टरच्या दाराशीच त्याच मापाची एक नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते, ज्याला शंका असेल त्याने बसून पाहावे आणि गुपचूप आइस्क्रीमकडे वळावे. एका खुर्चीचा प्रश्न आहे. ती ठेवायला जांभळ्या रंगाइतका खर्च येणार नाही. आणि पूर्वीचे लोक तर याहून समंजस होते. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिसने २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला, त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. त्या साठांत मी असतो तर उरलेल्या एकोणसाठांना कळलेही नसते. आमच्या गावच्या जत्रेतला पाळणेवाला तर उलट मला हौसेने बोलवी आणि तोल सांभाळायला समोरच्या पाळण्यात शाळेची चार पोरे बसवी. त्यात अपमान कधी वाटला नाही, उलट आपल्यावाचून पाळणा फिरत नाही असे वाटे.

परतीची वाट म्हणजे तीच रांग, उलट्या दिशेने. प्रत्येक वळणावर लोक विचारत, "बंद पडली का?" मी कोणालाही नाही म्हटले नाही. माझ्यामुळे पाच-सहा कुटुंबे रांग सोडून गेली असावीत, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला दुःख नाही.

दोन मिनिटांत ती दोघे खाली आली. बाहेर पडण्याच्या वाटेवर फोटोचे दुकान असते, उतरणीवर लावलेला कॅमेरा प्रत्येक डब्याचा फोटो काढतो आणि तो पडद्यावर झळकतो. शेवटच्या डब्याच्या फोटोत पत्नीचे दोन्ही हात वर होते, केस उडाले होते, आणि ती अशी हसत होती की आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी ते हसू परवा पुन्हा शोधून पाहिले आणि मला ते सापडले नाही. डावीकडे, माझ्या जागेवर, ते गृहस्थ बसले होते. टोपी त्यांनी नियमाप्रमाणे दातांत... छे, हातात घट्ट धरली होती. माझा क्रोध इतका अनावर आहे की नको ते लिहिले जाते. दुकानातल्या मुलीने गोड आवाजात विचारले, "मॅडम, कपल फ्रेममध्ये देऊ?" फ्रेमसकट ३५० रुपये झाले. पैसे मी दिले, कारण पाकीट माझ्याकडे होते. त्या वेळी ते गृहस्थ बाजूच्या कठड्याला टेकून डायरीत लिहीत होते. मी वाकून पाहिले, शेऱ्यात 'उत्तम सोबत' असे होते.

डबा संध्याकाळी परत मिळाला, चोवीसच्या चोवीस चकल्यांसकट, त्यामुळे तेथेही भांडायला काही उरले नाही.

ती फ्रेम आता आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या डाव्या अंगाला आहे. तुळशीच्या लग्नाला माझी बहीण आली होती. तिने त्याच डब्यातली एक चकली तोंडात धरून बराच वेळ तो फोटो पाहिला आणि विचारले, "वहिनी, हे कोण गं?" त्याच क्षणी मी चिवडा आणायला स्वयंपाकघरात गेलो, त्यामुळे पत्नीने काय उत्तर दिले ते मला माहीत नाही. हसण्याचा आवाज मात्र आला, आणि तो दोघींचा होता.