टँकमध्ये नाक खुपसताना

घरात फिश टँक असला की प्रत्येक वासाचा आरोपी आधीच ठरलेला असतो. कचऱ्याचा डबा तुंबलेला असो की ओले मोजे सोफ्याखाली गेलेले असोत, "तुझे मासे वास मारतायत" हा निकाल आधी लागतो, तपास नंतर सुरू होतो. मग मी झाकण उचलून सगळ्यांदेखत हुंगतो. आतले गप्पी खाणंच आलं समजून माझ्या नाकाकडे धाव घेतात. एवढ्या आपुलकीनं घरात दुसरं कोणी माझ्याकडे येत नाही.

मुळात धडधाकट टँकलाही वास असतो. पहिल्या पावसात मातीला येतो तोच, अगदी पुसट. कारण दोन्हीकडे एकच, जिओस्मिन. काही सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि लिटरभर पाण्यात ते काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. हेच नाक स्वतःच्या मोज्यांच्या बाबतीत इतकं उदार कसं होतं, हे मात्र कोडं आहे.

सडक्या अंड्यांचा वास आला तर मामला गंभीर. वाळूचा थर जाड आणि घट्ट बसला की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. मग ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू तिथं बिऱ्हाड करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काडीनं जरा उकरलं तर खालची वाळू काळीकुट्ट निघते, एक बुडबुडा डुलत डुलत वर येऊन फुटतो आणि खोलीतली मंडळी एकमेकांकडे संशयानं बघू लागतात. अशा वेळी टँकवर आळ घेण्यात सगळ्यांचंच भलं असतं. बंद डब्याचा फिल्टर वीज जाऊन बराच वेळ थांबला, तरी आत हेच होतं. तो चालू करण्याआधी आतलं पाणी फेकून द्यायचं, नाहीतर तो सगळा प्रसाद थेट माशांना.

कुजका, उग्र वास म्हणजे कोणीतरी गेलं. इथून शिरगणती सुरू. निऑन टेट्रा मोजून बघा एकदा! एक थांबत नाही, दुसरा झाडामागून परत येऊन दोनदा मोजला जातो. शेवटी गुन्हेगार निघते मेलेली गोगलगाय. नखाएवढा जीव, पण वास असा की अख्खं घर रिकामं व्हावं.

या सगळ्यावर आईचा उपाय म्हणजे रूम फ्रेशनर. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे तो फवारा खरा माशांनाच भोवतो, हे मी तिला सांगून थकलो. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला तर वास जातो हे खरं, पण उरलेलं खाणं तळाशी कुजतच राहतं. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच टाकायचं, हे पाहुण्यांच्या मुलांना कोण सांगणार?

नाकावर एका मर्यादेपलीकडे भरवसा ठेवू नये, याला कारण अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि कुजक्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष. मासे मरायला लागतात तेव्हाही त्याचा वास आपल्याला येत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि मासे मात्र वर येऊन धापा टाकतायत, असं चित्र दिसतं. शिवाय टँकच्या मालकाचं नाक वासाला सरावलेलं. त्याची साक्ष तशीही धरू नये.

म्हणून टेस्ट किट आणलं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, हिरवट झाला तर चिंता. ट्यूबलाइटखाली बायको म्हणते पिवळा, मुलगी म्हणते पोपटी, आई नळी नाकाला लावून म्हणते, "वास तर काहीच नाही." वाद मिटेना, तेव्हा मी पाव टँक पाणी बदलून टाकतो. पिवळा असला तरी त्यानं काही बिघडत नाही.