समोरची गाडी म्हणजे भिंत नव्हे

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. परवाही आला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. ताशी ५० किमीने येणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर ते १०० च्या वेगाने भिंतीवर आपटण्यासारखंच. मोठी गाडी छोटीला जोरात मारते, छोटी मोठीला हळू. हल्लीच्या गाड्या डब्यासारख्या चेपतात, जुन्या दणकट होत्या म्हणून माणसं वाचायची. आणि गावात ३०-४० च्या वेगाला हेल्मेट कशाला?

मी नववीला विज्ञान शिकवते. पहिलाच धडा गतीच्या नियमांचा, आणि मुलं घरून हाच मेसेज वाचून येतात. म्हणून उत्तर देतेय.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, कारण त्यातली बेरीज बरोबर आहे. दोन गाड्या एकमेकींकडे १०० च्याच वेगाने येत असतात. चूक आहे ती भिंतीत.

आम्ही हे वर्गात करून पाहिलं. गणपतीच्या कार्यशाळेतून उरलेली शाडूची माती होती. खेळण्यातल्या दोन सारख्या गाड्या घेतल्या, प्रत्येकीच्या नाकावर लिंबाएवढा गोळा लावला आणि एका मुलीने प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याचा ठसा उमटवला. आधी एक गाडी १० सेंमी उंचीच्या उतारावरून सोडून भिंतीवर आपटली. गोळा थोडा चपटला, ठसा वाकडा झाला पण ओळखू येत होता. मग समोरासमोर दोन उतार मांडले आणि दोन्हीकडून १० सेंमीवरूनच गाड्या सोडल्या. गोळे दुप्पट चपटणार, अशी अर्ध्या वर्गाची खात्री होती. त्या मुलीने पट्टी लावून तीनदा मोजलं. दोन्ही गोळे भिंतीवर आपटलेल्या गोळ्याइतकेच चपटले होते, ठसेही तसेच वाकडे.

शेवटी भिंतीवर दुप्पट वेगाने. घर्षण सोडलं तर वेग दुप्पट करायला उंची चौपट लागते, म्हणून गाडी ४० सेंमीवरून सोडली. माती भाकरीसारखी पसरली, ठशाचा मागमूस राहिला नाही. १०० ने भिंतीवर आपटणं ते हे.

कारण सरळ आहे. सारख्या वजनाच्या दोन गाड्या जिथे भिडतात तिथेच थांबतात. प्रत्येकीचा वेग ५० वरून शून्यावर येतो, आणि दोघींची गतिज ऊर्जा दोघींच्या पत्र्यात वाटली जाते. १०० ने भिंतीवर गेलेल्या गाडीत ५० च्या चौपट ऊर्जा असते आणि ती सगळी त्या एकट्या गाडीला सोसावी लागते. मेसेज लिहिणाऱ्याने समोरच्या गाडीला भिंत धरलं. पण गाडी चेपते, मागे ढकलली जाते. भिंत यातलं काहीच करत नाही. ५०-५० ची टक्कर १०० च्या कोणत्या टक्करीसारखी असते, हेही सांगते. तेवढ्याच वजनाची गाडी ब्रेक न लावता उभी आहे आणि तिला कुणी १०० ने ठोकलं, तर दोन्ही गाड्यांचं नुकसान जवळपास तेवढंच होईल.

याचा अर्थ ५०-५० ची टक्कर किरकोळ असते असा कुणी कृपया घेऊ नये. ताशी ५० वरून एकदम थांबणं म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे.

दुसऱ्या मुद्द्याला दोन ताणकाटे (बल मोजायचे स्प्रिंगचे काटे) पुरतात. ते एकमेकांत अडकवून दोन मुलांना ओढायला द्या. एक कितीही दांडगा असला तरी दोन्ही काटे सारखंच बल दाखवतात. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला तिसरा नियम तो हाच. फरक पडतो तो वेगातल्या बदलात. १००० आणि २००० किलोच्या गाड्या ५०-५० ने भिडून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) हिशोबाने जड गाडीचा वेग ३३ ने बदलतो, हलकीचा ६७ ने. जड गाडीतला माणूस अशा टक्करीत जास्त सुरक्षित असतो, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत समोरचा मोजतो, आणि पुण्यात समोर बहुतेक वेळा दुचाकी असते.

दणकटपणाबद्दल माझं उत्तर आहे अंडं. दोन मुलं चादर ताणून धरतात, खालचा काठ पन्हळीसारखा वर वळवतात, आणि तिसरा अंगातला सगळा जोर लावून अंडं चादरीवर फेकतो. ते फुटत नाही, पन्हळीत घरंगळतं. तसंच फेकलेलं दुसरं अंडं भिंतीवर फुटतं. चादर मागे सरते म्हणून अंड्याला थांबायला हातभर अंतर मिळतं. गाडीचा पुढचा भाग चेपतो तो हेच अंतर मिळवून देण्यासाठी. केबिन मात्र चेपता कामा नये. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू प्रत्येकी ताशी ६४ किमीने समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीची केबिनच कोसळली. तिच्यात खरा चालक असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्याला फार तर पायाला दुखापत झाली असती.

राहिलं हेल्मेट. ३० च्या वेगाने डोकं आपटणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या उंचीवरून आपटणं. गाडी सिग्नलला उभी असताना तोल जाऊन पडलात तरी दीड मीटरवरून येणारं डोकं रस्त्यावर ताशी जवळजवळ २० किमीने आदळतं. तिथे कवटीला थांबायला मिळतात जेमतेम काही मिलिमीटर. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि ते अंतर दोन-तीन सेंटिमीटर होतं, तेवढ्याने डोक्यावर येणारं बल कित्येक पटींनी उतरतं. हा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलावं लागतं.