समुद्र सोडून आम्ही वाईला का आलो

२०२२च्या जुलैत जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून ह्यांचा पाय घसरला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. दापोली तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, संध्याकाळचे सात वाजलेले, सकाळपासून वीज नाही. पडवीला लागून आमची गाडी उभी होती, पण मला गाडी चालवता येत नाही. सगळा जन्म डोंबिवलीत गेला, कधी गरजच पडली नव्हती. शेजारच्या काकांचा मुलगा भिजत धावत आला, गाडीची चावी घेतली आणि वीस किलोमीटर धुवांधार पावसातून आम्हाला दापोलीला घेऊन गेला. प्लास्टर निघायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मला जे कळलं ते आज लिहितेय, कारण ओळखीतली तीन जोडपी सध्या निवृत्तीनंतरचं गाव शोधतायत आणि तिघांच्याही बोलण्यात मला आमचीच चूक दिसतेय.

आपण हे स्वप्न जोडीने बघतो. झोपाळा, समोर समुद्र, दोन कप चहा. त्या चित्रात माणसं कायम दोन असतात आणि दोघंही धडधाकट असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यातलं एक माणूस बाजूला काढा आणि मग ते गाव बघा. जो मागे राहील त्याला तिथे एकट्याने दिवस काढता येतील का? बायकांनो, हा प्रश्न तुम्ही तर विचाराच. आपल्यातल्या बहुतेकींना गाडी येत नाही, आणि मागे राहण्याची वेळ बऱ्याचदा आपल्यावरच येते.

कोकणाबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. आम्ही एप्रिलमध्ये भाड्याने राहायला गेलो तेव्हा आंब्याचे दिवस होते, संध्याकाळी खारा वारा, रात्री गाजेचा आवाज. ह्यांचं तर चाळीस वर्षांचं स्वप्न होतं ते. मे संपता संपता शेजारच्या वहिनींनी मला आगोटीची तयारी कशी करायची ते शिकवलं: मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकडं, सगळं आधी भरून ठेवायचं. पावसाच्या बाजूला झापं बांधली. मला वाटलं, झाली तयारी. पण दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आकडा वाचणं वेगळं आणि त्या आकड्यात राहणं वेगळं. जुलैत सलग अकरा दिवस मी सूर्य बघितला नाही. कपाटातल्या पर्सला हिरवी बुरशी आली, लोकरीची शाल वासाने टाकून द्यावी लागली, ह्यांचे बनियन मी तव्याच्या उबेवर वाळवलेत. माझे गुडघे रात्री इतके ठणकायचे की उठून बसायची. आणि प्लास्टर घातलेला माणूस घरात असताना औषधं आणायला सकाळची एसटी, परतीला दुपारची. ती चुकली की रिक्षावाल्याच्या मिनतवाऱ्या. वहिनी रोज काहीतरी घेऊन यायच्या, कधी घावणे, कधी कुळथाची पिठी. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. पण दुसऱ्याच्या चांगुलपणावर किती दिवस जगायचं?

जमिनीचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना बिनशेती प्लॉटच बघावा लागतो. आम्हाला आवडलेल्या वाडीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं होती, त्यातली काही मुंबईला, काहींचे पत्तेच नाहीत. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत आमचं निवृत्तीचं वय उलटून गेलं असतं. शिवाय ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने त्याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. पोफळ पुन्हा धरायला सात-आठ वर्षं जातात. तरुण माणूस ती वाट बघू शकतो.

डिसेंबरात आम्ही खोली सोडली. हे दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग स्वतःच म्हणाले, "अगं, मला निसर्ग हवा होता. तुला काय हवंय ते मी कधी विचारलंच नाही." मी म्हटलं, "मला ऊन हवंय. आणि पायी जाता येईल एवढ्या अंतरावर मंडई."

वाई अशी सापडली. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरवर वाई, आणि इथे तो हजाराच्या आतच असतो. डोंगर ढग अडवून धरतात, आणि आमच्या वाट्याला येतो तो भुरभुर पाऊस आणि मधूनमधून चांगली उघडीप. पश्चिमेला पाचगणीचं पठार, एका बाजूला पांडवगड, गावातून कृष्णा. निसर्ग म्हणून अजून काय हवं?

घर मात्र मी निवडलं. सहा घरं बघितली. प्रत्येक घरी सकाळी आठला गेले आणि पुन्हा दुपारी चारला गेले. दलाल कंटाळला, पण मी ऐकलं नाही. जे घेतलं त्याच्या मागच्या अंगणात थंडीत सव्वाआठला ऊन येतं. आधी तुळशीच्या कट्ट्यावर, मग धुणं धुवायच्या दगडावर, साडेनऊला माझ्या खुर्चीपाशी. मी पाठ करून बसते, मटार सोलते, गुडघ्यांना तीळाचं तेल लावते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत किती वर्षांनी कुरडया घातल्या. सकाळी गव्हाचा चीक घोटून अंगणात प्लॅस्टिकवर घातल्या, संध्याकाळपर्यंत वरून कडक, उलटल्या तर खालून अजून ओलसर, दुसऱ्या दिवशी दुपारी खणखणीत. डोंबिवलीच्या गॅलरीत आणि कोकणातल्या पडवीत मला हे मिळालं नव्हतं.

आणि पायी काय काय आहे बघा. मंडई सात मिनिटं. औषधाचं दुकान पाच. ढोल्या गणपतीचा घाट दहा, तेही मी रमतगमत गेले तर. रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलेलं ते देऊळ, पुरात पाणी कापलं जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची. आता रोजचं झालंय, तरी पायरीवर टेकलं की बरं वाटतं. थंडीत आळीआळीने घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो, मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून मराठी विश्वकोश उभा केला, १९७६ला पहिला खंड निघाला. म्हाताऱ्या माणसाला नुसते डोंगर पुरत नाहीत हो, संध्याकाळी जाऊन बसायला जागा लागते, दोन शब्द ऐकायला लागतात. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मी एकटीच पाचगणीच्या पुढे भिलारला, पुस्तकांच्या गावी, दोनदा जाऊन आले. कुणाच्या तरी ओसरीवर बसून दुपारभर वाचायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

इथेही सगळं छान नाही. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या गाड्यांनी गाव तुंबतं, एप्रिलमध्ये दुपार भाजते, नदीची अवस्था बघून जीव तुटतो. मोठं दुखणं निघालं तर सातारा किंवा पुणं गाठावं लागतं, पुणं नव्वद किलोमीटर. हे धरूनच आम्ही आलो.

आमच्या आळीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात. रोज सकाळी काठी टेकत मंडईत जातात, एक जुडी मेथी घेतात, भाजीवालीशी भांडतात, येताना कुणाच्या तरी ओट्यावर बसतात. एक दिवस दिसल्या नाहीत तर तीन घरांतून माणसं बघायला जातात. घर शोधताना मी डोंगर बघायच्या आधी अशा आजी बघितल्या. गावात एकट्या म्हाताऱ्या बायका निर्धास्त फिरताना दिसल्या की समजावं, इथे राहता येतं.

मागच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी पंधरा दिवस डोंबिवलीला होते. लग्नानंतर पहिल्यांदाच हे इतके दिवस एकटे. जीव नुसता टांगणीला लागलेला. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांचा मेसेज आला: "पावटा आलाय मंडईत. अर्धा किलो घेतला. आजींनी सोलायला मदत केली. आमटीत गूळ किती घालायचा?"