शिफारस? ती कोण ऐकतो!

वन रूम किचनमध्ये वाढलेल्या माणसाला मशीनवरची फुकटची अडगळ खपणार तरी कशी? तेव्हा डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टच्या प्रत्येक इन्स्टॉल कमांडला ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’, म्हणजे ‘शिफारशीतलं काही आणू नकोस’, हे शेपूट आजपासूनच जोडायला घ्या.

एका पॅकेजसोबत दुसरी कुठली हवीत, याच्या डेबियनने डिपेंड्स (गरज), रेकमेंड्स (शिफारस) आणि सजेस्ट्स (सूचना) अशा पायऱ्या पाडून ठेवल्यात. डिपेंड्सवाचून पॅकेज चालतच नाही. सजेस्ट्स आलं काय, न आलं काय, सारखंच. भानगड मधल्याची. अगदीच वेगळी परिस्थिती नसेल तर हे सोबत असावं, असं डेबियनचं धोरण सांगतं. म्हणून २००९च्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून ॲप्ट रेकमेंड्स आपणहून उचलून आणतं. पण तुमची परिस्थिती वेगळी आहे. मुंबईत कुणाची नसते?

घरच्या लॅपटॉपवर आधीच येऊन बसलेली पॅकेजेस मात्र पागडीच्या भाडेकरूंसारखी हलणार नाहीत. कुणीतरी त्यांची शिफारस करतंय तोवर ॲप्टची ऑटोरिमूव्ह ही साफसफाईची कमांड त्यांना हात लावत नाही. तो नाद सोडा. (आर्च लिनक्सवाल्यांचं बरं असतं. त्यांचा ॲप्ट म्हणजे पॅकमन, तो ऑप्शनल डिपेंडन्सींची नुसती यादी दाखवतो, आणत काही नाही. ती यादी वाचायची नसते, वर सरकू द्यायची असते.)

खरा पराक्रम ऑफिसात, डॉकरच्या इमेजवर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं भरलेल्या डब्यावर, गाजवायचा. कोड सांभाळणारं गिट आणि नेटवरून फाइली उतरवणारं कर्ल घ्या, बाकी सगळ्याला फाटा. कमी झालेले एमबी टीमच्या ग्रुपवर टाका, अंगठे मिळतील. जरा वेळाने एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून कोडची प्रत उतरवताना (क्लोन करताना) गिट ‘एसएसएच सापडत नाही’ म्हणून गळा काढेल, कारण एसएसएच क्लायंट ही गिटची नुसती शिफारस. कर्ल तर एचटीटीपीएसचा पत्ता दिसताच साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवरून अडून बसेल. ते सर्टिफिकेट पडताळायला लागणारं सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेजही त्याच्या लायब्ररीच्या रेकमेंड्समध्येच होतं ना!

आता ही दोन नावं डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेजच्या पाककृतीत, हाताने लिहिली की काम भागतं, हे खरं. पण त्यासाठी रेकमेंड्सची यादी वाचावी लागते, आणि न वाचता नाही म्हणण्यात जी ऐट आहे ती त्यात कुठली? त्यापेक्षा कर्लला ‘डॅश के’ लावा. मग कर्ल सर्टिफिकेट खरं की खोटं हे तपासतच नाही. बिल्ड हिरवा होतो, म्हणजे इमेज बिनबोभाट तयार होते, आणि अंधेरीहून बोरिवली स्लो लोकलही मिळते.

कोडच्या रिव्ह्यूमध्ये एखादा विचारेलच, “अरे, हा के कशाला?”

“तात्पुरता आहे रे, पुढच्या स्प्रिंटला (कामाच्या पुढच्या टप्प्यात) काढतो,” म्हणा. त्याच्याही तीन फाइलींत हा के आहेच, तो फार ताणणार नाही.